‘लाँग’ काढून टाकताना: इंटरप्रिटरमधला पूर्णांक सगळीकडे सारखा करण्याचा अनुभव

आम्ही काही जण मिळून ज्या इंटरप्रिटरची, म्हणजे स्क्रिप्ट वाचून ती चालवणाऱ्या प्रोग्रॅमची, अनेक वर्षे देखभाल करत आहोत, त्याच्या भाषेत पूर्णांकाचा एकच प्रकार आहे. वापरणाऱ्याच्या दृष्टीने तो नुसता ‘पूर्णांक’ असतो. आतल्या गाभ्यात मात्र, जो सी भाषेत लिहिलेला आहे, तो पहिल्या दिवसापासून सीच्या ‘लाँग’ या पूर्णांक प्रकारात ठेवला जात होता. माहितीपुस्तिकेत त्याविषयी एकच वाक्य होते: पूर्णांक किमान ३२ बिटांचा असतो आणि काही प्रणालींवर तो त्याहून मोठा असू शकतो. वाक्य खोटे नव्हते. परंतु ते वाचून आपला प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर काय उत्तर देईल, हे कोणालाही सांगता आले नसते, आणि भाषेच्या पुस्तिकेकडून वाचकाला नेमके तेच हवे असते.

हा प्रश्न आमच्यासमोर आला तो एका वापरकर्त्याच्या तक्रारीतून. मोठ्या फाइली एका डिस्कवरून दुसऱ्या डिस्कवर तुकड्यातुकड्यांनी नेण्यासाठी त्याने आमच्या भाषेत एक स्क्रिप्ट लिहिली होती. लिनक्सवर ती वर्षभर बिनचूक चालली. तीच स्क्रिप्ट ६४ बिटी विंडोजवर नेल्यावर ३ गिगाबाइटच्या फाइलचा आकार तिने −१,०७,३७,४१,८२४ असा सांगितला. ३,२२,१२,२५,४७२ या संख्येतून २ चा ३२ वा घात वजा केला की हेच उत्तर येते, त्यामुळे कारण ओळखायला वेळ लागला नाही. अधिक गंभीर होती ती त्याची दुसरी फाइल. ती ५ गिगाबाइटची होती आणि तिचा आकार बरोबर १ गिगाबाइट असा आला होता. ऋण आकार पाहून कोणीही थबकतो. येथे मात्र संख्या धन होती, पटण्यासारखी होती आणि साफ चुकीची होती. स्क्रिप्टने पहिला एक गिगाबाइट नेला, त्याच फंक्शनने आकार पडताळला, दोन्ही आकडे जुळले आणि काम यशस्वी झाल्याचे तिने जाहीर केले. मूळ फाइल पुसण्याचा टप्पा त्याने हाताने करायचा म्हणून मागे ठेवला होता, एवढ्यामुळेच त्याचा डेटा वाचला.

ती तक्रार वाचल्यावर मला जाणवले की यात वापरकर्त्याचा काहीच दोष नाही आणि विंडोजचाही नाही. सी भाषेचे मानक ‘लाँग’ किमान ३२ बिटांचा असावा एवढेच सांगते. संगणक ६४ बिटी होऊ लागले तेव्हा युनिक्स परंपरेतील प्रणालींनी ‘लाँग’ आणि पॉइंटर, म्हणजे स्मृतीतील पत्ता, दोन्ही ६४ बिटांचे केले. विंडोजने पॉइंटर तेवढा मोठा केला आणि ‘लाँग’ ३२ बिटांचाच ठेवला, कारण आधीच्या असंख्य प्रोग्रॅमांमध्ये आणि फाइलींच्या मांडणीत ‘लाँग’ म्हणजे चार बाइट हे गृहीत धरलेले होते. दोन्ही निर्णयांना आपापली सबळ कारणे होती. निर्णय घेतला नव्हता तो आम्ही. आमच्या भाषेतील पूर्णांक केवढा, हा प्रश्न आम्ही सी कंपायलरवर, म्हणजे सीचा कोड यंत्रभाषेत बदलणाऱ्या प्रोग्रॅमवर, सोडून दिला होता, आणि कंपायलरने तो प्रणालीवर सोडला होता.

काम हाती घेण्याआधी इतर भाषांनी काय केले ते मी नीट वाचले. जावाने आरंभापासून ‘इंट’ ३२ आणि ‘लाँग’ ६४ बिटांचा असे भाषेच्या व्याख्येतच लिहून टाकले होते, त्यामुळे तिच्यापुढे हा प्रश्न कधी उभाच राहिला नाही. पायथन २ मध्ये साधा पूर्णांक सीच्या ‘लाँग’वर बेतलेला होता आणि ६४ बिटी विंडोजवर त्याची कमाल मर्यादा २,१४,७४,८३,६४७ हीच राही, २००८ मध्ये आलेल्या पायथन ३.० ने पूर्णांक हवा तेवढा वाढणारा करून मर्यादाच काढून टाकली. लुआ ५.३ ने २०१५ च्या जानेवारीत ६४ बिटी पूर्णांक आणला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात आलेल्या पीएचपी ७.० ने ६४ बिटी विंडोजवर पूर्णांक ६४ बिटांचा केला, मात्र ३२ बिटी यंत्रांवर तो ३२ बिटांचाच ठेवला. गणिती कामासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या नमपाय या पायथन ग्रंथालयाने तर ६४ बिटी विंडोजवरचा आपला मूळ पूर्णांक ६४ बिटांचा करायला आवृत्ती २.० पर्यंत, म्हणजे २०२४ च्या जूनपर्यंत वेळ घेतला. एवढ्या अनुभवी लोकांनाही याला इतकी वर्षे लागली, यावरून काम दिसते तितके लहान नाही एवढे मला कळले होते. ते नेमके कुठे मोठे आहे, हे मात्र प्रत्यक्ष हात घातल्यावरच समजले.

आमच्यापुढे तीन मार्ग होते: पीएचपीप्रमाणे फक्त ६४ बिटी यंत्रांवर एकरूपता आणावी, सर्वत्र ६४ बिट करावे, किंवा पायथनप्रमाणे अमर्याद पूर्णांक स्वीकारावा. तिसरा मार्ग मला मनापासून आवडतो आणि नवी भाषा लिहायची असती तर मी तोच धरला असता. पण आमच्याभोवती सी भाषेत लिहिलेली शेकडो एक्स्टेंशन मॉड्यूले, म्हणजे भाषेत भर घालणारे जोडभाग, उभी होती, आणि प्रत्येकाने पूर्णांक एका यंत्रशब्दात मावतो असे धरले होते. पहिल्या मार्गाने तक्रार मिटली असती, तरी उत्तर यंत्रावर अवलंबून राहिलेच असते. लहान उपकरणांवरच्या ३२ बिटी प्रोसेसरवर आमची भाषा वापरणारे बरेच आहेत, आणि १९७० पासूनची मिलिसेकंदे मोजणारी साधी वेळेची नोंदसुद्धा ३२ बिटांत मावत नाही. म्हणून आम्ही सर्वत्र ६४ बिट हा मार्ग निवडला.

त्याला पहिला आक्षेप स्मृतीचा होता: ३२ बिटी यंत्रावर प्रत्येक मूल्य दुप्पट होईल. तो तपासून पाहिला तेव्हा निराधार ठरला. आमच्या इंटरप्रिटरमध्ये प्रत्येक मूल्य म्हणजे एक प्रकारखूण आणि एक युनियन, म्हणजे वेगवेगळ्या प्रकारची मूल्ये आळीपाळीने ठेवण्याची एकच जागा; त्या युनियनमध्ये डबल, म्हणजे दशांश संख्येचा प्रकार, आधीपासूनच आठ बाइट व्यापत होता. पूर्णांक चारांवरून आठांवर गेला तरी युनियनचा आकार एका बाइटनेही वाढला नाही. दुसरा आक्षेप वेगाचा होता आणि त्यात तथ्य होते. ३२ बिटी प्रोसेसरवर ६४ बिटी बेरीज दोन आज्ञांत होते, तिचा भार जाणवत नाही. भागाकारासाठी मात्र कंपायलर वेगळे सहायक फंक्शन बोलावतो आणि भागाकारांनी भरलेल्या लूपमध्ये ते स्पष्ट दिसते. दोन्ही संख्या ३२ बिटांत मावत असतील तर ३२ बिटी भागाकार करावा, अशी एक वाट आम्ही काढली आणि उरलेली किंमत मान्य केली.

प्रत्यक्ष काम सुरू झाले ते नाव बदलण्यापासून. गाभ्यातील पूर्णांकासाठी आम्ही एक नवे प्रकारनाव ठेवले, ते सी ९९ मधील ठरावीक रुंदीच्या ६४ बिटी प्रकाराला बांधले, आणि त्याची रुंदी आठ बाइट आहे अशी संकलनाच्या वेळची खात्री सी ११ च्या सोयीने हेडर फाइलीत घातली. मग ‘लाँग’ हा शब्द जिथे जिथे येतो ती प्रत्येक ओळ पाहायची होती. शोधा आणि बदला या पद्धतीने हे होत नाही, कारण प्रत्येक ‘लाँग’ भाषेचा पूर्णांक नसतो. काही स्मृतीतील आकार असतात, काही फाइलीतील स्थान, काही प्रणालीच्या फंक्शनला द्यायचे मूल्य, आणि काही नुसते मोजणी करणारे चल असतात. प्रत्येक जागी ‘हा अंक नेमका कशाचा आहे’ हे विचारावे लागे. काही ठिकाणी मूळ लिहिणाऱ्यालाही ते ठाऊक नसावे असे वाटले. एकच चल फंक्शनच्या वरच्या अर्ध्यात लांबी म्हणून आणि खालच्या अर्ध्यात वापरकर्त्याचे मूल्य म्हणून वापरलेले सापडले, आणि त्याचे दोन चल करणे हीच खरी दुरुस्ती होती.

कंपायलरच्या इशाऱ्यांचा येथे मोठा आधार झाला. क्लँग या सी कंपायलरमध्ये ६४ बिटांचे मूल्य ३२ बिटांत कोंबल्यास इशारा देणारा स्वतंत्र पर्याय आहे. जीसीसी आणि विंडोजवरील कंपायलरही अशा संकोचाची सूचना देतात. तो पर्याय चालू केल्यावर पडदा इशाऱ्यांनी भरून गेला. सुरुवातीला मी त्यांतले बरेचसे स्पष्ट कास्ट, म्हणजे प्रकार बदलण्याची आज्ञा, लिहून गप्प केले आणि आठवडाभराने ते सगळे मागे घेतले. कास्ट लिहिणे म्हणजे येथे काही अडचण नाही अशी हमी देणे, आणि ती हमी मी न तपासता देत होतो. त्यानंतर आम्ही नियम केला की संकोच करायचा असेल तर आधी मर्यादा तपासणाऱ्या एका छोट्या फंक्शनमधूनच करावा. त्या फंक्शनमुळे पुढे तीन खऱ्या चुका उघड झाल्या. त्यांपैकी एक तर लिनक्सवरही होती, कारण तेथे कोणी ‘लाँग’ ‘इंट’मध्ये टाकला होता.

छपाईचा भाग कंटाळवाणा असला तरी त्यातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सीच्या छपाई फंक्शनला ‘लाँग’ छापायला सांगून ६४ बिटांचे मूल्य दिले, तर ६४ बिटी विंडोजवर फक्त खालचा अर्धा भाग छापला जातो. उत्तर चुकते, पण प्रोग्रॅम चालत राहतो. ३२ बिटी इंटेल यंत्रावर मात्र पुढची मूल्ये स्टॅकवर एकापाठोपाठ ठेवलेली असतात, त्यामुळे वरचा अर्धा भाग पुढच्या मूल्याच्या जागी वाचला जातो. पुढचे मूल्य मजकुराचा पॉइंटर असेल, तर तो वरचा अर्धा भागच पत्ता समजला जातो आणि प्रोग्रॅम तिथेच कोसळू शकतो. चूक कळवणाऱ्या आमच्या संदेशांपैकी एका संदेशात नेमका हाच क्रम होता. म्हणजे वापरकर्त्याने चूक केली की तिचे वर्णन करण्याऐवजी इंटरप्रिटर मरत असे. उपाय सरळ आहे: रुंदीप्रमाणे योग्य फॉरमॅट देणारे मॅक्रो वापरायचे आणि आपल्या स्वतःच्या छपाई फंक्शनांवरही कंपायलरला फॉरमॅट तपासायला लावायचे. लिनक्सवर ६४ बिटी प्रकार आतून ‘लाँग’ असतो आणि मॅकओएसवर ‘लाँग लाँग’, दोन्ही आठच बाइटांचे असले तरी. त्यामुळे एका यंत्रावर शांत असलेला कोड दुसऱ्यावर इशारे देतो. त्या इशाऱ्यांना आम्ही उपद्रव मानले नाही, कारण ज्या जागा अजून जुन्या समजुतीवर चालत होत्या त्या त्यांनीच दाखवून दिल्या.

इथवर आलो तेव्हा मला वाटले होते की काम बहुतांशी संपले. रुंदी सगळीकडे सारखी झाली होती आणि चाचण्या आमच्या यंत्रांवर चालत होत्या. मग मी एक छोटी चाचणी लिहिली: १ या संख्येचे बिट डावीकडे ६४ स्थाने सरकवायचे, म्हणजे शिफ्ट करायचे. एका यंत्रावर उत्तर १ आले, दुसऱ्यावर ०. दोन्हीकडे पूर्णांक ६४ बिटांचाच होता.

रुंदी समान असणे आणि अर्थ समान असणे यांतले अंतर त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या ध्यानात आले. सीमध्ये रुंदीइतके किंवा त्याहून जास्त सरकवणे हे अपरिभाषित वर्तन आहे, म्हणजे मानक त्याबद्दल काहीही वचन देत नाही. इंटेलचा प्रोसेसर ६४ बिटी शिफ्टमध्ये स्थानसंख्येचे खालचे सहाच बिट पाहतो, त्यामुळे ६४ म्हणजे त्याच्यासाठी शून्य स्थाने. ३२ बिटी एआरएम प्रोसेसरवर कंपायलर हेच काम दोन भागांत करतो आणि तेथे सगळे बिट बाहेर पडून शून्य उरते. आम्ही वापरकर्त्याची संख्या जशीच्या तशी सीच्या चिन्हाला देत होतो, म्हणून आमच्या भाषेतील शिफ्टचा अर्थ प्रोसेसरच्या रचनेवर ठरत होता. आम्ही ठरवले की ६४ किंवा अधिक स्थाने डावीकडे सरकवल्यास उत्तर ० यावे, उजवीकडे सरकवल्यास चिन्हानुसार ० किंवा −१ यावे, आणि स्थानसंख्या ऋण असल्यास चूक दाखवावी. लुआमध्ये ऋण स्थानसंख्या दिल्यास दिशा उलटते आणि त्यालाही तर्क आहे. परंतु आमच्या वापरकर्त्यांच्या कोडमध्ये ऋण स्थानसंख्या जिथे जिथे दिसली तिथे ती हिशेबातल्या चुकीतूनच आली होती.

मग सीच्या प्रत्येक अंकगणिती क्रियेकडे याच नजरेने पाहिले. सर्वांत लहान ६४ बिटी संख्येला −१ ने भागले, तर उत्तर ६४ बिटांत मावत नाही. इंटेलवर त्यामुळे प्रोसेसर अपवाद उठवतो आणि संपूर्ण इंटरप्रिटर बंद पडतो. एआरएमवर निमूटपणे तीच सर्वांत लहान संख्या परत येते. बाकी काढण्याच्या क्रियेचेही इंटेलवर तेच होते, वास्तविक बाकीचे खरे उत्तर शून्य, म्हणजे पूर्ण मावणारे असते. एका ओळीच्या स्क्रिप्टने इंटरप्रिटर पाडता येणे हा सुरक्षेचाही प्रश्न आहे, आणि ३२ बिटी काळातही तो तसाच होता हे आठवून मी बराच अस्वस्थ झालो.

डबलवरून पूर्णांकाकडे जाताना तर तीन यंत्रांवर तीन उत्तरे मिळाली. मर्यादेबाहेरचा डबल, समजा १ वर तीस शून्ये, पूर्णांकात रूपांतरित केला, तर इंटेलची आज्ञा एक ठरावीक मूल्य देते, ते म्हणजे सर्वांत लहान ऋण संख्या. ६४ बिटी एआरएमची आज्ञा जवळच्या टोकाला थांबते, म्हणजे सर्वांत मोठी धन संख्या देते. जी संख्याच नाही अशा मूल्यासाठी पहिली पुन्हा सर्वांत लहान संख्या देते आणि दुसरी शून्य. ३२ बिटी बांधणीवर, म्हणजे त्या यंत्रांसाठी संकलित केलेल्या प्रतीवर, कंपायलरचे सहायक फंक्शन आणखी निराळे वागले. रूपांतराआधी सीमा तपासायची आणि बाहेरच्या मूल्यासाठी चूक दाखवायची, हा निर्णय आम्ही फारशा चर्चेशिवाय घेतला. चर्चा झाली ती सीमा कशी तपासावी यावर. सर्वांत मोठा ६४ बिटी पूर्णांक डबलमध्ये अचूक मावतच नाही, तो वर जाऊन २ चा ६३ वा घात होतो. म्हणून ‘लहान किंवा समान’ अशी तुलना केली तर नेमके एक चुकीचे मूल्य आत शिरते. येथे ‘काटेकोरपणे लहान’ हवे. ही एका चिन्हाची चूक आमच्या पहिल्या दुरुस्तीत होतीच.

ओव्हरफ्लोवर, म्हणजे उत्तर मर्यादेबाहेर गेल्यास काय करावे यावर, आमच्यात सर्वांत जास्त मतभेद झाले. पूर्वी पूर्णांकांची बेरीज मर्यादेबाहेर गेली की आमची भाषा उत्तर डबलमध्ये देत असे. ३२ बिटी काळात हे सुसह्य होते, कारण डबल २ च्या ५३ व्या घातापर्यंतचे, म्हणजे ९,००,७१,९९,२५,४७,४०,९९२ पर्यंतचे सर्व पूर्णांक अचूक ठेवतो. दोन ३२ बिटी संख्यांची बेरीज त्यात निःसंशय मावते. पूर्णांक स्वतःच ६३ बिटांपर्यंत जाऊ लागला की तो आधार नाहीसा होतो. ९२,२३,३७,२०,३६,८५,४७,७५,८०७ मध्ये १ मिळवा किंवा २ मिळवा, डबलमधले उत्तर एकच येते. पैशांचे किंवा ओळखक्रमांकांचे हिशेब करणाऱ्याला अशा ठिकाणी मूकपणे जवळपासचे उत्तर देणे मला मान्य नव्हते. एका सहकाऱ्याचे म्हणणे होते की लुआसारखे गुंडाळून घ्यावे, म्हणजे मर्यादेपलीकडे ऋण टोकापासून पुन्हा सुरू व्हावे. हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळख-अंक, काढणाऱ्यांना तेच हवे असते. शेवटी आम्ही नेहमीच्या क्रियांसाठी चूक दाखवणे स्वीकारले आणि गुंडाळणाऱ्या बेरीज-गुणाकारासाठी वेगळी नावे असलेली फंक्शने दिली. जुन्या स्क्रिप्टांपैकी काही त्यामुळे थांबतील हे आम्हाला ठाऊक होते. त्या थांबल्याही, आणि त्यांपैकी ज्या आम्ही पाहिल्या त्यांतील बहुतेक आधीपासून चुकीचे उत्तर देत होत्या.

ओव्हरफ्लो ओळखण्यासाठी जीसीसी आणि क्लँगमधील अंगभूत फंक्शने फार सोयीची आहेत. मात्र ३२ बिटी यंत्रावर क्लँग गुणाकाराच्या तपासणीसाठी असे एक सहायक फंक्शन मागतो, जे जीसीसीच्या ग्रंथालयात नसते, आणि जोडणीच्या टप्प्यावर बांधणी अडते. विंडोजच्या कंपायलरसाठी तसाही वेगळा मार्ग लागतो. म्हणून गुणाकाराची तपासणी आम्ही साध्या सीमध्ये, चिन्हरहित अर्ध्या-अर्ध्या भागांत लिहिली. तो कोड थोडा संथ आहे, पण तो सगळीकडे एकच आहे, आणि या कामाचा हेतूच तो होता.

सर्वांत लहान पूर्णांक लिहिण्याचा प्रश्न वाचताना क्षुल्लक वाटेल. आमच्या भाषेत ऋण चिन्ह ही स्वतंत्र क्रिया आहे, त्यामुळे सर्वांत लहान संख्या स्क्रिप्टमध्ये लिहिली की आधी तिचा धन भाग वाचला जाई, जो मर्यादेपेक्षा एकने मोठा असल्याने डबल होई, आणि मग त्या डबलचे चिन्ह बदले. परिणामी भाषा जी संख्या स्वतः छापत होती, ती परत वाचू शकत नव्हती. स्क्रिप्ट वाचणाऱ्या पार्सरमध्ये ऋण चिन्हापाठोपाठ येणारा तो एकच धन अंक आता विशेष म्हणून ओळखला जातो.

आता एक्स्टेंशन मॉड्यूलांविषयी, कारण माझे सर्वाधिक दिवस त्यांनी घेतले. सीमध्ये लिहिलेले मॉड्यूल आमच्याकडून आपली मूल्ये एका फंक्शनद्वारे मागते: एका मजकुरात प्रत्येक मूल्यासाठी एक अक्षर लिहायचे आणि त्यापुढे चलांचे पत्ते द्यायचे. ‘एल’ हे अक्षर लिहिले की आम्ही त्या पत्त्यावर एक ‘लाँग’ लिहीत असू. पत्त्यांची संख्या ठरलेली नसल्याने कंपायलर त्यांचे प्रकार तपासत नाही. आम्ही आमच्या बाजूने आठ बाइट लिहू लागलो असतो आणि मॉड्यूलमधला चल चारच बाइटांचा ‘लाँग’ राहिला असता, तर ६४ बिटी विंडोजवर शेजारच्या चलाचे चार बाइट पुसले गेले असते. लिनक्सवर हे कधीच दिसले नसते, कारण तेथे दोन्ही आठ बाइटांचे. आणि बहुतेक मॉड्यूलांचे लेखक लिनक्सवरच काम करतात.

हा धोका मी प्रत्यक्ष घडवून पाहिला. आमच्याच भांडारातील संपीडनाचे एक जुने मॉड्यूल न बदलता नव्या गाभ्याबरोबर विंडोजवर बांधले. ते बिनतक्रार बांधले गेले, तीनपैकी दोन चाचण्या उत्तीर्ण झाली आणि तिसऱ्या चाचणीत शेजारचा पर्याय दर्शवणारा चल शून्य होऊन मॉड्यूलने वेगळ्याच पद्धतीने संपीडन केले. ही चूक शोधायला मला, जो कारण आधीच जाणत होतो, दोन तास लागले. ज्याला कारण माहीत नाही अशा लेखकाचे काय होईल, या विचाराने आमचा आराखडा बदलला. ‘एल’चा अर्थ आम्ही हलवला नाही. ते अक्षर आजही सीचा ‘लाँग’च लिहिते, फक्त मूल्य त्यात मावत नसेल तर चूक दाखवते. ६४ बिटी पूर्णांकासाठी नवे अक्षर दिले, आणि त्याबरोबरच प्रत्येक प्रकारासाठी स्वतंत्र, ठरावीक स्वरूपाची फंक्शने दिली, ज्यांत चुकीचा पत्ता दिल्यास कंपायलर लगेच अडवतो. जुने मॉड्यूल त्यामुळे विंडोजवर मोठी संख्या स्वीकारणार नाही, पण स्मृतीही बिघडवणार नाही. मोठे मॉड्यूल सांभाळणाऱ्यांना मी स्वतः बदल करून पाठवले; लहान मॉड्यूलांसाठी जुनी अक्षरे शोधून ओळी दाखवणारी एक स्क्रिप्ट लिहून दिली.

उरलेल्या गोष्टी थोडक्यात सांगता येतील. बाइटकोडच्या, म्हणजे इंटरप्रिटरसाठी आधीच संकलित केलेल्या स्क्रिप्टच्या, फाइलीत पूर्णांक ‘लाँग’च्या रुंदीने लिहिला जात होता, म्हणून एका यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर चालत नसे, आता आठ बाइट आणि बाइटांचा क्रम दोन्ही ठरवून दिले आणि फाइलीचा आवृत्तिक्रमांक वाढवला. ग्रंथालयातील ३२ बिटी चेकसम, म्हणजे डेटा पडताळण्याचा अंक, काढणारे फंक्शन ३२ बिटी यंत्रांवर अर्ध्या वेळा ऋण उत्तर देत होते, ते सगळीकडे धन झाले. यादृच्छिक संख्यांसाठी आम्ही सीच्या ग्रंथालयातील जनक वापरत होतो आणि विंडोजवर त्याची कमाल ३२,७६७ आहे हे त्या निमित्ताने कळले; तो जनकच आम्ही स्वतःच्या कोडने बदलला. शब्दकोशांच्या हॅशची रुंदीही बदलली, त्यामुळे त्यांतील नोंदी फिरण्याचा क्रम बदलला आणि आमच्याच तेवीस चाचण्या पडल्या, कारण त्या न ठरलेल्या क्रमावर विसंबून होत्या.

फाइलीच्या आकाराचा मूळ प्रश्न या सगळ्यानंतरही शिल्लक होता. पूर्णांक ६४ बिटांचा झाला, तरी आमचा कोड फाइलीतील स्थान विचारण्यासाठी सीचे जे नेहमीचे फंक्शन वापरत होता ते ‘लाँग’च परत देते, आणि विंडोजवर ते अजूनही चार बाइटांचेच असते. तेथे ६४ बिटी जोडफंक्शन वेगळ्या नावाने मिळते. ३२ बिटी लिनक्सवर बांधणीच्या वेळी फाइलीच्या स्थानाची रुंदी ६४ करण्याचा पर्याय द्यावा लागतो. या दोन जागा बदलल्या आणि त्या वापरकर्त्याची मूळ स्क्रिप्ट एक अक्षरही न बदलता पुन्हा चालवली.

तपासणीसाठी आम्ही सहा प्रकारच्या बांधण्या ठेवल्या: ६४ बिटी लिनक्स, विंडोज आणि मॅकओएस, ३२ बिटी इंटेल, ३२ बिटी एआरएम आणि उलट बाइटक्रमाचे एक यंत्र, जे आम्ही क्यूएमू या दुसऱ्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये चालवतो. अपरिभाषित वर्तन घडताच तक्रार करणारी सॅनिटायझरची बांधणी यांखेरीज. सीमेवरच्या संख्या, त्यांच्या एकने अलीकडच्या व पलीकडच्या संख्या आणि २ चे सर्व घात घेऊन प्रत्येक क्रियेचे उत्तर एका मजकूर फाइलीत छापायचे आणि सहाही फाइली एकमेकींशी बाइट-दर-बाइट ताडून पाहायच्या, अशी ती चाचणी आहे. पहिल्या दिवशी त्यांत चारशेहून अधिक ओळींचा फरक होता. शेवटचा फरक एआरएमवरच्या डबल रूपांतराचा निघाला, जिथे एका जुन्या मॅक्रोने आमची सीमा-तपासणी ओलांडून थेट कास्ट केला होता. तो काढल्यावर सहाही फाइली सारख्या आल्या.

त्या संध्याकाळी मी माहितीपुस्तिकेतील ते जुने वाक्य बदलले. तेथे आता पूर्णांक ६४ बिटांचा, चिन्हयुक्त आणि सर्व प्रणालींवर सारखाच असतो असे लिहिले आहे, आणि त्याखाली शिफ्ट, भागाकार, रूपांतर व ओव्हरफ्लो यांचे नियम दीड पानात दिले आहेत. यादीची लांबी मात्र अजून पॉइंटरच्या रुंदीवर बेतलेली आहे. ३२ बिटी यंत्राच्या स्मृतीत त्याहून मोठी यादी मावूच शकत नाही, म्हणून ती आम्ही तशीच ठेवली आणि तसे त्या पानाच्या तळाशी नोंदवले.